नवसाच्या बोकडावरचा शिक्का

५ मे, सोमवार

आज ऑर्डर हातात पडली. कत्तलखान्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांची जागा दीड वर्षापासून रिकामी आहे, म्हणून 'पुढील आदेशापर्यंत' मांस तपासणीचा अतिरिक्त कार्यभार श्री. रामकिसन यांच्याकडे. श्री. रामकिसन म्हणजे मी, स्वच्छता निरीक्षक. बावीस वर्षं नाल्या, उकिरडे, रसवंत्या आणि पाणीपुरीवाल्यांची नखं बघण्यात गेली. बोकडाच्या आतलं मला तेवढंच ठाऊक, जेवढं ताटात येतं.

साहेबांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "डोळे आहेत ना रामकिसनराव? जनावर उभं असताना बघा, कापल्यावर परत बघा, शिक्का मारा, घरी जा. ट्रेनिंगचं बघतो मी पुढच्या महिन्यात." पुढचा महिना म्हणजे काय ते आमच्या ऑफिसात कुणाला सांगायला नको.

पण खोटं कशाला लिहू, शिक्का हातात घेतला आणि बरं वाटलं. पितळेचा, लाकडी मुठीचा, चांगला वजनदार. जांभळी शाई लावून कापलेल्या जनावराच्या मांडीवर दाबला की गोल उठतो, मधे नंबर आणि 'तपासलेले'. एवढी वर्षं मी नुसत्या नोटिसा दिल्या आणि लोकांनी त्यात भजी बांधली. शिक्क्यापुढं मात्र माणूस गप बसतो. आमच्या पोरीनं, श्रेयानं कॉलेजातून कुठल्याशा औषध कंपनीची कोरी डायरी आणली होती, ती मी ढापली. नवीन काम आहे, लिहून ठेवलेलं बरं.

९ मे, शुक्रवार

हमीदभाई म्हणून एक म्हातारा खाटीक आहे तिथं. बाप, आजा सगळे याच धंद्यातले. पहिल्या दिवसापासून माझ्याकडं असा बघतो, जसं काही मी चहाचा कप उलटा धरलाय.

आज त्याच्याच एका बोकडानं गाडीतून उतरताना मान टाकली. मला वाटलं, आता हा घाईघाईनं सुरी चालवणार. तर त्यानं हात करून बोकड बाजूला काढायला लावला.

"नै साब. जो अपने पाँव पे चल के नै आया, उसको काटना नै."

"नुकसान होईल की तुमचं."

"होने दो. और एक बात बोलतूं साब, काटने के बाद खून देखते जाओ. थोडी देर में जम गया तो अच्छा. डांबर जैसा काला रहा और जमा नै, तो हाथ भी नक्को लगाओ. गड्ढा खोदो, चूना डालो. मेरे वालिद यहीच बोलते थे."

मी मान डोलावली, पण मनात म्हणलं, मागच्या दारानं नेऊन विकशील बेटा. जाता जाता त्याच्या दुकानाला माश्यांची जाळी नाही म्हणून नोटीस दिली. वीस वर्षं दुकानाला जाळी नाही आणि निघाला मला शिकवायला! त्यानं नोटीस घडी करून खिशात घातली आणि "शुक्रिया" म्हणाला. लई आगाऊ माणूस.

१३ मे, मंगळवार

बद्रीनाथदादाचा फोन. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. पिशोरच्या अलीकडं वाडीवर शेती बघतो. वडील गेले तेव्हा त्यानं सातवीतून शाळा सोडली आणि मला शिकवलं. त्याच्यापुढं मी आजही खुर्चीत बसत नाही.

येत्या रविवारी कंदुरी ठरली. दादाच्या पोराला, सत्यमला लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं, तेव्हा आईनं वाडीच्या पिराला नवस बोलला होता, पाळणा हलला तर बोकड देईन आणि गाव जेवू घालीन. मागच्या दिवाळीत मुलगा झाला. तेव्हापासून बोकड पिराच्या नावानं सोडलाय, कानाला हिरवी चिंधी बांधून. त्याला कुणी हाकलत नाही, कुणाच्याही वावरात तोंड घालतो. सत्यम तर फोनवर बाळाच्या आधी बोकडाचीच खुशाली सांगतो.

"रामा, तू शनवारीच ये," दादा म्हणाला. "आन आई मनती, तुजा त्यो शिक्का बी घिऊन ये. गावाला दाखवायचाय तिला."

शिक्का ऑफिसबाहेर न्यायचा नसतो. पण रविवारी कत्तलखाना बंद. कपाटात पडून राहायचा तो पिशवीत पडून राहील, कुणाच्या काय बापाचं जातंय?

बाकी बातम्या अशा की, दादानं वरच्या अंगाला शेततळं खोदायला घेतलंय. खाली ढोरांची हाडं लागली. आमच्या आज्याच्या काळात रोगानं मेलेली गुरं तिथं पुरली होती म्हणे. माती काढून बांधावर टाकलीय, तिच्यावर गवत बरं फुटलंय. धोंडिबाच्या दोन मेंढ्या तिथंच चरता चरता पडल्या. साप असणार.

१७ मे, शनिवार, वाडी

दुपारी पोहोचलो. बोकड गोठ्याच्या कुडाला टेकून उभा होता. सकाळपासून त्यानं चाऱ्याला तोंड लावलेलं नाही. पोट फुगलेलं, मागचे पाय लटपटत होते. दीडशे माणसाला आवतन गेलेलं आणि दादाचं तोंड एवढंसं झालेलं.

मी म्हणलं, "पिशोरहून दुसरा आणू."

आई खवळलीच. "बदलता येतंय व्हय? त्यो पिराचा हाय. दुसरा दिला तर नवस उतरत नाय."

"आन हा आजच मेला तर?" सत्यमनं विचारलं.

नवसाचा बोकड आधीच मेला तर ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर येतं, असं आमच्याकडं मानतात. सत्यमची बायको मोनिका बाळाला उचलून आत गेली. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

दादा म्हणाला, "रामा, आता तू सरकारी तपासनीस. तूच बगून सांग. तू ठीक मनला तर पहाटं उरकून टाकू."

मी पापणी ओढून पाहिली, जबडा उघडून पाहिला, पोटावर टिचकी मारली. हमीदभाईला असं करताना पाहिलंय. मला काही कळलं नाही. खरंच सांगतो, कशाचा काही पत्ता लागला नाही. पण ज्या भावानं मला शिकवायला वावरात हाडं झिजवली त्याच्यापुढं 'मला कळत नाही' कसं म्हणणार? म्हणलं, "उन्हानं पोट धरलंय. पाणी पाजा. मांसाला काही होत नाही."

दादाचा जीव भांड्यात पडला. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

१८ मे, रविवार

कंदुरी झाली. आता सगळं नीट लिहितो.

उजाडताना बोकड उठेना. सत्यम आणि दादानं उचलून पिराच्या ओट्यापुढं आणला. नाकातून काळपट पाणी येत होतं. ऊद लावला, फुलं वाहिली. चाँद मुलाणी सुरी घेऊन वाकला आणि तसाच सरळ झाला.

"सायेब, हा पायानं आला नाय. मला ठीक दिसत नाय."

"चाँदभाई, मी तपासलाय."

"तुमी तपासला?"

"हो."

त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमी मनता तर कापतो. जिम्मेदारी तुमची."

रक्त परातीत धरलं. काळं होतं, काकवीसारखं. ऊन चांगलं वर आलं तरी परात हलवली की डुचमळत होतं. मी म्हणलं, उष्णतेनं. तिल्ली, म्हणजे प्लीहा, निघाली ती केवढी तरी मोठी आणि काळीभोर, चाँदभाईनं बोट लावलं तर चिखलासारखी फुटली. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बगून घ्या सायेब." मी पाहिलं. पहिल्यांदाच बघत होतो, छोटी कशी असते तेच मला ठाऊक नव्हतं.

सत्यम त्याच्या हाताखाली कातडं सोलत होता. त्यात सुरी निसटून अंगठ्याच्या मुळाशी लागली. मिठाचं पाणी लावलं, चिंधी गुंडाळली, परत हात घातला. कलेजीचा पहिला तुकडा सोलणाऱ्यांनी तिथंच निखाऱ्यावर भाजून खायचा, ही रीत. सत्यमनं नुसता धूर दाखवून तोंडात टाकला आणि एक मला दिला. "घ्या काका, सरकारचा हिस्सा." सगळे हसले. पित्ताचा त्रास आहे म्हणून मी नको म्हणलं. चाँदभाईनं खाल्लं नाही. राखेनं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, आणि जेवायलाही थांबला नाही. आई म्हणाली, त्याला नंतर डबा पाठवू.

मग शिक्का. आईनं सगळ्या बायांना बोलावून घेतलं. मी शाई लावली आणि दोन्ही मांड्यांवर शिक्का मारला, असा सुरेख उठला! लोकांनी फोटो काढले. कुणीतरी ओरडलं, "आता बिनघोर जेवा, सरकारनं पास केलंय!" रस्सा दोन तास रटरट शिजला. दीडशे माणूस जेवून उठलं. दादाच्या डोळ्यात पाणी होतं. मला एवढा मान बापजन्मात मिळाला नव्हता.

येताना एसटीत हमीदभाईचं ते डांबर आठवलं. पण त्याचा धंदा शहरातला. इथं मोकळ्या रानातला बोकड, फरक असणारच.

२१ मे, बुधवार

सत्यमचा फोन. अंगठ्यापाशी पुळी आलीय, खाजते. म्हणलं, बिब्बा उतला असेल, खोबरेल लाव. तो म्हणाला, "व्हय, आजी बी तेच मनली." धोंडिबाची तिसरी मेंढीही मेली म्हणे. नाकातोंडातून रक्त आलं.

आज कत्तलखान्यात बत्तीस जनावरं झाली. एका बोकडाची तिल्ली मी मुद्दाम हातात घेऊन पाहिली. तळहाताएवढीसुद्धा नव्हती, लालसर, घट्ट. हमीदभाईनं विचारलं, "क्या ढूंढ रहे साब?" मी म्हणलं, काही नाही.

२३ मे, शुक्रवार

दादाचा फोन. पुळीचा फोड झाला, फोडाची काळी खपली. हात खांद्यापर्यंत सुजलाय. पण गंमत अशी की खपली जराही दुखत नाही. दुखत नाही म्हणजे विशेष नसणार. मी दादाला तसंच सांगितलं.

संध्याकाळी परत फोन. ताप चढलाय, पोट दुखून उलट्या होतायत, उलटीत रक्त दिसलं. मी म्हणलं, उद्याच गाडी करून आण.

मला जेवण गेलं नाही. हिनं विचारलं तर म्हणलं, उकाडा आहे.

२४ मे, शनिवार

गारखेड्यात घराजवळच्या हॉस्पिटलात दाखल केलं. सत्यमला ओळखलं नाही मी. मान आणि खांदा एक झालेत. तशातही मला म्हणतो, "काका, बाळाला एकदा व्हिडिओवर दाखवा की." मी दाखवलं. त्यानं दुसऱ्या हाताचं बोट हलवून त्याला खुळखुळा वाजवल्यासारखं केलं.

डॉक्टरीण तरुण आहे, पण नजर बारीक. खपलीवर बॅटरी धरून तिनं बराच वेळ पाहिलं. मग आम्हा दोघांना बाहेर बोलावलं.

"हे मला साधं वाटत नाही. यानं एखादं आजारी जनावर हाताळलंय का? कापलंय का? मांस खाल्लंय का? नीट आठवून सांगा. औषध कुठलं चालवायचं ते त्यावर ठरणार आहे."

मी तोंड उघडलं होतं. पण दादाच आधी बोलला, छाती काढून बोलला.

"नाय डॉक्टर. कंदुरी झाली आमची, पर बोकड तपासून घेतला व्हता. ह्यो माजा भाऊच तपासनीस हाय. शिक्का मारलाय त्यानं." आणि त्यानं मोबाइलवरचा फोटो दाखवला.

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. "तुम्ही स्वतः तपासलंत? निरोगी होतं जनावर?"

मी म्हणलं, "हो."

तिनं कागदावर वरच काहीतरी इंग्रजीत लिहून पुढं प्रश्नचिन्ह केलं होतं. ते तिनं खोडलं. मग नेहमीची म्हणून जी काय औषधं असतील ती लिहून दिली आणि मी चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलवर गेलो.

२५ मे, रविवार

ताप उतरत नाही. नळीच्या पिशवीत लघवी लाल येतेय. दादा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलाय, घरी चल म्हणलं तर येत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, माझा भाऊ इथंच मोठ्या हुद्द्यावर आहे, तो बघतोय सगळं.

जेवताना श्रेयानं विचारलं, "पप्पा, त्या बोकडाचं रक्त गोठलं होतं का?"

पोरगी बी. फार्मला शेवटच्या वर्षाला. मी ताट सरकवलं. "चार पुस्तकं वाचलीस म्हणून बापाची चौकशी लावतेस का?"

"मी एवढंच विचारतेय, गोठलं होतं की नाही."

"गोठलं होतं!" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. श्रेयानं माझं ताट उचलून ठेवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पोरीशी तोंडावर खोटं बोललो आणि तिला ते कळलं.

मला कशाची भीती वाटते ते लिहून काढतो, म्हणजे कमी होईल. शिक्का बाहेर नेला, ही एक. डॉक्टर नसताना पास केलं, ही दोन. निलंबन तर होणारच. श्रेयाची स्थळं बघायला घेतलीत. पेपरात नाव येईल. हे सगळं मी सत्यमच्या खाटेच्या पायथ्याशी बसून मोजत होतो. लाज वाटते, पण मोजत होतो.

२६ मे, सोमवार

सकाळी सव्वादहाला चाँद मुलाण्याचा फोन आला.

"सायेब, माज्या बी मनगटाला तसलीच पुळी आली व्हती. मी लगेच सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरला सांगितलं, आजारी बोकड कापलाय. ते मनले फाशी. ढोरांचा असतो रोग. आमच्या वडलांच्या टायमाला बी आलता. पेनिसिलिनच्या सुया चालू केल्या, उतरलंय आता. सत्यमच्या डॉक्टरला सांगा सायेब. नुसतं येवढं सांगा की बोकड आजारी व्हता. बाकी त्ये बगतील."

मी म्हणलं, सांगतो.

डॉक्टरीण वरच्या मजल्यावर होती. मला तिचा आवाज येत होता. जिना चढून जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम. मी बाहेर जाऊन चहा घेतला. मग ऑफिसात जाऊन मस्टरवर सही केली, शिक्का कपाटात आहे ना ते पाहिलं. साहेब जाग्यावर नव्हते. असते तरी काय बोलणार होतो? परत आलो तर दादा म्हणाला, "रामा, दोनदा डोळं उगडलं त्यानं. बरं वाटतंय वाटतं." मी म्हणलं, चांगलं झालं. मला तेच ऐकायचं होतं. म्हणलं, नेहमीच्या औषधानंच उतरणार असेल तर उगाच कशाला.

साडेचार वाजता सत्यमला धाप लागली तेव्हा मी जिना चढलो. डॉक्टरिणीला सगळं सांगितलं. पाय, नाक, रक्त, तिल्ली, सगळं. चाँदभाईचा फोनही. तिनं माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, अर्ध्यातच नर्सला हाक मारली, पळत गेली, औषधं बदलली. परत आल्यावर ती मला काही टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"परवा विचारलं होतं मी तुम्हाला," एवढंच म्हणाली.

२७ मे, मंगळवार

सत्यम सकाळी नऊला गेला. एकतीस वर्षांचा होता.

३० मे, शुक्रवार

आज वाडीवर पशुसंवर्धनची टीम आली. दोन डॉक्टर, एक कारकून. उरलेल्या ढोरांना लस टोचली, शेततळ्याची माती आणि बांध चुन्यानं पांढरा केला, जेवून गेलेल्या लोकांना बोलावून गोळ्या दिल्या. रिपोर्ट आलाय, फाशीच, इंग्रजीत अँथ्रॅक्स. मोठे डॉक्टर आमच्या ओसरीवर जबाब घ्यायला बसले. चाँदभाई खांबापाशी उभा होता, मनगटाला पट्टी.

"फोटोत शिक्का दिसतोय. आजारी जनावर पास कुणी केलं?"

दादानं माझ्याकडं पाहिलं, एकदाच. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरीण त्याच्याशी बोलत होती, ते मी लांबून पाहिलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मला वाटायचं, दुःखानं.

"शिक्का म्या मारला," दादा म्हणाला. "ह्यो आंगुळीला गेला व्हता, म्या पिशवीतून काढला. चाँद नाय मनत व्हता. त्याच्यावर बी म्याच जबरदस्ती केली."

कारकुनाचं पेन थांबलं. डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमचा मुलगा गेलाय. समजून बोला."

"समजूनच बोलतोय. लिवा."

मी उठलो होतो. उठलो होतो का? गुडघे हलले एवढं आठवतं. आईनं माझं मनगट धरलं आणि समोर बघतच पुटपुटली, "गप बस." म्हातारीचा हात, पण मला तो सोडवता आला नाही. सोडवायचा प्रयत्न केला असं मी म्हणणार नाही.

दादानं सही केली. मग कारकुनानं कागद माझ्यापुढं सरकवला, 'सदर शिक्का माझ्या परस्पर वापरला गेला', आणि मीही केली. चाँदभाई ओसरी उतरून गेला. त्याच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला.

दादा मला फाट्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "तुजी पोर लग्नाची हाय. तुजी नोकरी गेली तर आनखी येक घर बसंल. माजं जायचं ते गेलं."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर तो मागं सरला.

"दहाव्याला येऊ नको, रामा. तुज्या तोंडाकडं बगून मला सारकं सारकं खोटं बोलता यायचं नाय."

५ जून, गुरुवार

आज दहावा. ही आणि श्रेया पहाटेच वाडीवर गेल्या. मी ड्यूटीवर. साहेबांनी बोलावून सांगितलं, भावानं लेखी दिलंय, तुमचा विषय संपला, पुढच्या खेपेला शिक्का सांभाळा. चहा पाजला.

साडेअकराला दादाचा फोन आला. मागं नदीचा वारा ऐकू येत होता.

"रामा, कावळा शिवना. दोन तास झाले. आईनं सांगून बगितलं, मोनिकानं सांगितलं, लेकराला संबाळते मनून. म्या बी सांगितलं. झाडावर बसलेत, खाली येनात." तो दम घ्यायला थांबला. "मानसं लांब उबी केलीत. फोन पिंडाजवळ धरतो. हितं फकस्त त्यो हाय आन मी. तू बोल. त्याला काय आयकायचं ते तुला ठाव हाय."

आवाज बदलला. त्यानं फोन खाली धरला होता. मी कत्तलखान्याच्या मागच्या भिंतीशी उभा होतो, जवळ चिटपाखरू नव्हतं. नोकरी जायची नव्हती, पेपरात यायचं नव्हतं. माझा भाऊ कुणाला सांगणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो फक्त थांबला होता.

मी म्हणलं, "सत्यम, बाळाची काळजी करू नको. त्याच्या शिक्षणाचं सगळं मी बघीन."

पलीकडं बराच वेळ नुसता वारा. मग दादानं फोन कानाला लावला असावा, कारण मला त्याचा श्वास ऐकू आला. फोन बंद झाला.

संध्याकाळी ही आली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं, म्हणाली. श्रेया आल्यापासून माझ्याशी बोललेली नाही.

जे तोंडातून निघालं नाही ते इथं सहज लिहिता येतंय, याचा मला राग येतो. सत्यम, बोकड आजारी होता. मला शनिवारीच दिसलं होतं.